तालीम टिकते कशाने?

दर वर्षी जून महिना उजाडला की आमच्या वर्गाला गर्दी होते. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, आईवडिलांचे संकल्प ताजे असतात, आणि आमच्या खारदांड्यात त्याच सुमाराला मासेमारी बंद होऊन बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. त्यामुळे एरवी पहाटे समुद्रावर असणारी तरणी मुलंही रिकामी असतात. चाळीस-पंचेचाळीस जण रांगेत उभे राहतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की खलाशी पोरं गेली. सहामाही परीक्षा आली की शाळेतली गेली. दिवाळीनंतर मोजावं तर बारा-तेरा.

कितीतरी वर्षं मी या गळतीकडे अभिमानाने बघत असे. म्हणत असे, कराटे हे येरागबाळ्याचं काम नाही, ज्याच्यात दम आहे तोच टिकेल. आज मला या वाक्याची लाज वाटते. का वाटते, तेच सांगायचं आहे.

मी या खेळाकडे आलो तो सिनेमामुळे. १९८३ साली मिथुन चक्रवर्तीचा ‘कराटे’ आला तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी ब्रूस लीचे चित्रपट येऊन गेलेच होते. मुंबईत गल्लोगल्ली पोरं हातात काठ्यांचे तुकडे साखळीने जोडून फिरवू लागली आणि स्वतःचीच डोकी फोडून घेऊ लागली. मीही त्यातलाच. पुढे रीतसर शिकलो, काळा पट्टा मिळायला सात वर्षं लागली, आणि १९९४ पासून गावातल्या एका शेडमध्ये शिकवायला लागलो. शेड म्हणजे चार भिंती, वर पत्रे. एका बाजूला जाळी ठेवलेली, आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले. नव्या मुलाला पहिले आठ दिवस तो वास सहन करणं हीच परीक्षा असे. म्हणजे खारच्या इमारतींमधून येणाऱ्या मुलाला. आमच्या कोळ्यांच्या पोरांना त्यात वास असतो हेच ठाऊक नव्हतं.

दोन मुलं माझ्याकडे फार तयार झाली होती. उंच, चपळ, घाव अचूक. स्पर्धांतून ढाली आणत. मी त्यांना वर्गाचं भूषण समजत असे, आणि नव्या मुलांशी त्यांची लढत लावत असे. हेतू वाईट नव्हता, नव्याला कळावं की कुठवर जायचं आहे. एका शनिवारी सोळा वर्षांच्या एका मुलाच्या बरगडीवर लाथ बसली. तो खाली बसला. बाकीचे हसले, आणि मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याची आई मासळीची पाटी खाली ठेवून शेडच्या दारात उभी राहिली. म्हणाली, “मास्तर, पोराला मार खायला नव्हतं पाठवलं तुमच्याकडे. शिकायला पाठवलं होतं.” एवढंच बोलून पाटी उचलून बाजाराला गेली. त्या महिन्यात अकरा मुलं यायची बंद झाली. कोणी भांडलं नाही, कोणी फी परत मागितली नाही. नुसती आली नाहीत.

तेव्हा मी पहिल्यांदा विचार करायला लागलो की आपल्याकडच्या जुन्या तालमी इतकी वर्षं कशा टिकल्या. वस्ताद थोर होते म्हणून, हे उत्तर सोपं आहे. पण वस्ताद गेल्यावरही तालीम चालू राहिली, अशी उदाहरणं आहेतच. बडोद्याचे जुम्मादादा हे एक नामांकित वस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव. शिष्याने पुढे जी संस्था नावारूपाला आणली ती स्वतःच्या नव्हे, तर गुरूच्या नावाने: जुम्मादादा व्यायाममंदिर. मुसलमान गुरू आणि हिंदू शिष्य, याचं कोणाला फारसं काही वाटलं नाही. त्याच बडोद्याच्या मुजुमदारांनी पुढे मराठीत दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, दांडपट्टा, सगळं त्यात आलं. एका तालमीत तोंडी चाललेली विद्या दुसऱ्या गावच्या, कधीही न भेटणाऱ्या माणसाच्या हाती पडावी म्हणून एवढा खटाटोप. पुण्यात त्याच्याही आधी लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. जोतीराव फुले तिथे शिकले. जातीच्या उतरंडीत ज्यांना एका पंगतीला बसता येत नव्हतं ती मुलं एका मातीत अंगाला अंग लावून झुंजत होती, ही गोष्ट त्या काळात किती मोठी होती, याची आज कल्पना करणंही अवघड आहे.

मग मी कोल्हापूरला गेलो. नात्यातल्या एका लग्नाचं निमित्त होतं, पण तीन दिवस मी तालमींमध्येच बसून होतो. तिथे जे पाहिलं त्याने माझं शिकवणं बदललं. डावपेच नाही पाहिले, माती पाहिली. तांबडी माती हौद्यात नुसती टाकून चालत नाही. ती चाळावी लागते, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालावं लागतं, आणि रोज फावड्याने खणून उलटीपालटी करावी लागते, नाहीतर ती दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याची हाडं मोडते. हे खणण्याचं काम गडी लावून होत नाही. पैलवानच करतात. काल आलेलं पोरगं आणि मैदानं मारलेला मल्ल, दोघांच्या हातात फावडं. त्यात व्यायामही होतो, पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. ज्याने माती खणली त्याला ती तालीम आपली वाटते. आमच्या शेडमध्ये झाडू मारायला मी महिना ठरवून एक बाई लावली होती!

परत आलो आणि बाईंना त्यांचा महिना देऊन दुसरीकडे काम बघून दिलं. झाडू, पाणी शिंपडणं, चटया अंथरणं, दार उघडणं, सगळं मुलांकडे. आणि पट्ट्याचा रंग बघायचा नाही. आधी कुरकुर झाली. इमारतीतल्या एका वडिलांनी मला विचारलं, “मी फी कशासाठी भरतो?” मी म्हटलं, “साहेब, याचसाठी.” ते समजले की नाही कोण जाणे, पण मुलाला पाठवत राहिले.

दुसरी गोष्ट जोडीची. कोणाला कोणासमोर उभं करायचं, यात वस्तादाची अर्धी अक्कल असते. चांगला वस्ताद मोठ्या पैलवानाला लहानाशी खेळायला लावतो तेव्हा मोठ्याने जिंकायचं नसतं, लहानाला डाव लावू द्यायचा असतो. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका मंदिरातल्या बारा चटयांच्या खोलीत ज्युदोची सुरुवात केली, तेव्हा त्यांनीही हेच ओळखलं होतं. ज्युदोत पहिली शिकवण फेकण्याची नसते, पडण्याची असते. हात जमिनीवर आपटून, हनुवटी छातीला लावून, डोकं वाचवून कसं पडायचं. कारण सरावात समोरचा माणूस आपलं अंग तुम्हाला विश्वासाने उसनं देतो. ते मोडून परत केलंत तर उद्या तुमच्याशी कोण खेळणार? कानोंनी परस्परांचं कल्याण हे आपल्या विद्येचं एक तत्त्वच सांगितलं होतं. मला वाटायचं हा तत्त्वज्ञानाचा भाग, भाषणात सांगायचा. तो शुद्ध व्यवहार आहे, हे त्या बरगडीने शिकवलं.

तेव्हापासून आमच्याकडे पहिला दीड महिना फक्त पडणं असतं. मुलं कंटाळतात, पण घाबरत नाहीत. आणि ज्या माणसाची पडण्याची भीती गेली तो सहसा सोडून जात नाही.

आता पट्ट्यांबद्दल थोडं. पुष्कळ पालकांना वाटतं की रंगीत पट्टे ही हजारो वर्षांची परंपरा आहे. तसं काही नाही. श्रेणी देण्याची पद्धत कानोंनी १८८३ च्या सुमारास ज्युदोत आणली. ओकिनावा बेटावरून कराटे घेऊन १९२२ साली टोकियोला आलेल्या फुनाकोशींनी ती उचलली आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. मधले पिवळे, हिरवे, निळे पट्टे तर युरोपात रुळले, ते विसाव्या शतकात. पट्टा वाईट नाही. लहान मुलाला पुढचा टप्पा दिसायला हवा. पण प्रत्येक रंगामागे परीक्षा, परीक्षेमागे फी, आणि फीमागे प्रमाणपत्र, असं दुकान एकदा सुरू झालं की वर्गात दोन जाती होतात. ज्यांना परवडतं त्यांची आणि ज्यांना नाही त्यांची. आमच्याकडे खलाशाचा मुलगा बंदीच्या महिन्यांत फी देऊ शकत नाही, कारण घरात पैसाच आलेला नसतो. मग तो परीक्षेच्या दिवशी आजारी पडतो. हे आजारपण ओळखायला मला चार वर्षं लागली. आता परीक्षेला पट्ट्याच्या कापडाची किंमत सोडून काही घेत नाही. आणि हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत एक जादा प्रश्न असतो: एखाद्या नव्या मुलाला पडायला शिकवून दाखव. उत्तम लाथ मारणारे कितीतरी तिथे अडकतात.

रविवारी आमच्याकडे सगळ्यांना मोकळं दार असतं. सातारकडचा एक गृहस्थ, जवळच्या इमारतीत रखवालदार आहे, तो कुस्ती खेळलेला. एक बँकेतला मनुष्य ज्युदोचा. दोन मुली मल्लखांब करणाऱ्या. अशी माणसं एकत्र आली की पहिल्या चहालाच वाद ठरलेला: कराटेवाला आणि पैलवान लढले तर कोण जिंकेल? एकदा हा वाद इतका वाढला की महिनाभर रविवार बंद पडला. आता एकच नियम आहे. दुसऱ्याच्या विद्येबद्दल बोलायचं असेल तर आधी तिची एक गोष्ट करून दाखवायची. बँकेतल्या गृहस्थांनी लांग घालून रखवालदाराशी पाच मिनिटं झटापट केली आणि नंतर पाणी पीत नुसते बसून राहिले. वाद मिटला.

या बाबतीत मला शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचं फार कौतुक वाटतं. उदय देशपांडे यांनी तिथे मल्लखांब शिकवला तो फक्त सशक्त मुलांना नाही, अंध मुलांनासुद्धा. मूळ पैलवानाच्या सरावासाठी असलेला हा खांब परदेशातल्या लोकांपर्यंत गेला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवरच भरली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जे येतील त्यांना घ्यायचं, ही साधी वाटणारी गोष्ट करायला किती वर्षांचा धीर लागतो, हे शिकवणाऱ्यालाच कळेल.

आणि खेळाडूभोवती माणसं नसली तर खेळाडूही उभा राहत नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते गोळेश्वरच्या गावकऱ्यांच्या वर्गणीवर, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजार रुपयांवर. पदक एकाच्या गळ्यात पडलं, पण ते आणायला किती जण राबले होते! कोल्हापुरात आज कित्येक तालमींची नावं फुटबॉलच्या मैदानावर ऐकू येतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. जुने लोक त्यावर हळहळतात. मला तितकं वाईट वाटत नाही. खेळ बदलला, पण पेठेतली पोरं अजून त्याच कट्ट्यावर जमतात.

आमच्या शेडचं पुढे काय होईल, सांगता येत नाही. आजूबाजूला उंच इमारती उठल्या आहेत, जागेची बोलणी अधूनमधून कानावर येतात. मीही साठीकडे झुकलो आहे, गुडघे बोलतात. ज्या मुलाच्या बरगडीला लागलं होतं तो परत आला नाही. रस्त्यात भेटला की हसतो, बोटीवर असतो. मी एकदा त्याची माफी मागितली, तर म्हणाला, “मास्तर, मला तर आठवतही नाही.” मला ते खरं वाटलं नाही.

मात्र गेल्या जूनमध्ये त्याने आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला आणून सोडलं. दाराशी उभा राहिला, आत आला नाही. दिवाळीनंतर मी हजेरी मोजली तेव्हा एकवीस होते, त्यात ती होती. शेडची किल्ली या महिन्यात तिच्या आजीच्या घरी असते, पाळीप्रमाणे. परवा मला पोचायला उशीर झाला. गेलो तर दार उघडं होतं, झाडू मारून झाला होता, आणि ती एका नव्या पोराला ओरडून सांगत होती, “हनुवटी आत घे, हनुवटी!”