डब्यातला झेंडू, माळावरचा कुर्डू

लेकीच्या मंगनीसाठी फुलवाल्याकडे चौकशी केली आणि आकडा ऐकून घरी परतले. उसने काढून सजावट करणे म्हणजे इसराफच. तेवढ्यात गॅलरीतल्या झेंडूकडे लक्ष गेले.

जुलैमध्ये रंगाच्या जुन्या डब्यांना खाली भोके पाडून त्यांत गेल्या वर्षीच्या वाळलेल्या फुलांचे बी पेरले होते. झेंडू साधारण दोन महिन्यांत फुलतो. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. फांद्या फुटतात, फुले जास्त येतात.

पाऊस सरला की आमच्या आंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत माळावर कुर्डू दिसतो. याच्याच कोवळ्या पानांची आपण भाजी करतो. त्याचे गुलाबी-पांढरे तुरे कागदासारखे असतात. बी गळण्याआधी कापा, जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगा. उन्हात रंग उडतो. भातकापणीच्या वेळी शेतकऱ्याला विचारून मूठभर लोंब्या घ्या. वेलावरच वाळलेले घोसाळे सोलले की सुंदर जाळी निघते. मुलांना मात्र रेल्वेरुळांकडे तुरे तोडायला पाठवू नका.

मंगनीला दारावर झेंडूच्या माळा होत्या, कोपऱ्यातल्या मातीच्या मडक्यात कुर्डू आणि लोंब्या. खर्च झाला तो सुतळीचा. मुलाच्या खालांनी विचारले, "फुलं कुठून मागवली?"

लेक हसून म्हणाली, "अम्मीच्या डब्यांतून."

जाताना त्यांनी बी मागून घेतले. मी कागदाच्या पुडीत बांधून दिले. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याही गॅलरीत झेंडू फुलेल, इन्शाअल्लाह.