आधीचं ताट

मूल हवं म्हणून डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी दिलेल्या आहाराच्या कागदावर अ‍ॅव्होकॅडो होतं. पाचोडच्या बाजारात ते मिळत नाही, आणि मिळालं असतं तरी एका फळाला एवढे पैसे मोजले म्हणून आमच्या घरी आठवडाभर विषय पुरला असता. बाकीचा कागद मात्र ओळखीचा निघाला. रोज एक मोठी वाटी पालेभाजी, दोन्ही वेळेला डाळ किंवा मोडाची उसळ, दूध-दही, एक फळ, मूठभर शेंगदाणे, जवस-तीळ, एक अंडं, बेकरीचे पदार्थ बंद, जेवल्यावर लगेच चहा नाही, आणि रोज फोलिक अ‍ॅसिडची गोळी. वाचायला दोन मिनिटं लागतात. पाळायला आदल्या रात्रीपासून सुरुवात करावी लागते.

मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात मोड लगेच येतात. थंडीत फडकं चुलीजवळ ठेवलं तरी मटकी रुसल्यासारखी बसते. पालेभाजीचं काम त्याहून मोठं. मेथी निवडायची, पावसाळ्यात घोळ आली तर तिच्यातली माती जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. भाजी लोखंडी कढईत करायची, कारण लोखंड थोडं अन्नात उतरतं. त्यात आंबट चुका असेल तर जास्तच उतरतं. पण मग भाजी कढईत ठेवून चालत नाही, काळी पडते, चव बिघडते. म्हणजे आणखी एक भांडं. हे सगळं सकाळच्या गडबडीत.

अंड्याची गोष्ट वेगळीच. मामंजी माळकरी, पैठणची नाथषष्ठी चुकवत नाहीत. त्यामुळे अंडं मागच्या पडवीत, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या शेगडीवर उकडतं. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही आणि ते पातेलं घरातल्या भांड्यांत कुणी मिसळूही देत नाही. ही तडजोड मला मान्य आहे. कारण शाकाहारी जेवणात बी-१२ फार थोडं असतं, दूध-दह्यातून मिळेल तेवढंच.

खरी अडचण पदार्थांची नाहीच, वाढण्याच्या क्रमाची आहे. आमच्याकडे आधी पुरुष, मग पोरंसोरं, मग पाहुणा आला तर पाहुणा, शेवटी बायका. शिजल्यावर मेथीच्या दोन जुड्यांचं काय होतं हे कुठल्याही बाईला विचारा. शेवटच्या ताटात येतो तो कढईच्या कडेचा चमचाभर लगदा, आणि वर लसणाची चटणी. कागद लिहिणाऱ्यानं मोठी वाटी धरली होती. ती वाटी वाढणारी बाई कितव्या पंगतीला बसते, हा रकाना कागदावर नव्हता. म्हणून मी कढई उतरवली की आधी माझी वाटी भरून बाजूला ठेवते. अख्ख्या आहारात मला सगळ्यात जड गेलं ते हे. अंड्यापेक्षाही.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ती वाटी पहिल्यांदा बघून म्हणाल्या, “पोटुशी राहिल्यावर खायचंच असतंय की. आत्तापासून कशाला?”

त्यांचं चूक म्हणवत नाही, कारण आपली सगळी रीत तशीच आहे. दिवस गेले की डोहाळे पुरवायचे, सातव्यात ओटी भरायची, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर. खाऊ घालणं सगळं नंतरचं. आणि आधी? आधी उपास. मूल हवं म्हणून सोळा सोमवार, संकष्टी, गुरुवार. ज्या महिन्यांत बाईनं भरपूर खायला हवं, नेमक्या त्याच महिन्यांत तिला साबुदाण्यावर ठेवायचं.

शरीराचं वेळापत्रक मात्र उलटं आहे. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची सुरुवात ज्या नळीतून होते ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. म्हणून फोलिक अ‍ॅसिडची गोळी किमान महिनाभर आधी सुरू करायची असते. ‘दिवस गेल्यावर खाऊ’ म्हणेपर्यंत एक महत्त्वाचा टप्पा होऊन गेलेला असतो.

आपल्या राज्यातल्या बायकांमध्ये या विषयावर चांगलं काम झालंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आयांचा अभ्यास केला. ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात होत्या त्यांची बाळं भरलेली होती. मग मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून ‘सरस’ नावाचा प्रयोग झाला. ६,५१३ बायका. काहींना पालेभाजी, सुका मेवा, दूध घातलेला खाऊ. काहींना तसाच दिसणारा, पण बटाट्या-कांद्याचा. गर्भधारणेच्या आधीपासून, रोज केंद्रावर येऊन, समोर बसून खायचा. निकाल २०१४ साली आला. सगळ्यांची सरासरी काढली तर बाळाच्या वजनात फरक नाही. तीन महिने किंवा त्याहून आधी सुरू केलेल्या बायकांत मात्र ४८ ग्रॅमनं वाढ. गरोदरपणातला मधुमेहही कमी, १२.४ टक्क्यांऐवजी ७.३. ४८ ग्रॅम म्हणजे फार नाही. पण आधी किती दिवस खाल्लं यानं फरक पडतो, एवढं त्यातून दिसतं.

खाल्ल्यानं दिवस लवकर जातात का, हा निराळा प्रश्न. ‘फर्टिलिटी डाएट’ हे नाव गाजलं ते २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासामुळे. १७,५४४ परिचारिकांच्या खाण्याच्या नोंदी होत्या. डाळी-कडधान्यांची प्रथिनं आणि सायीचं दूध जास्त, वनस्पती तुपासारखी चरबी कमी, असं खाणाऱ्यांत स्त्रीबीज न सुटण्याची अडचण कमी दिसली. फक्त तीच अडचण. बीजवाहक नळ्या बंद असतील तर मटकी काय करणार! वाचताना मला गंमत वाटली ती एवढीच, की पिठलं-भाकरी अन् सायीचं दही यांना त्या यादीत मानाचं पान मिळालं असतं.

खरं तर आधीपासूनची ही तयारी पाचोडला नवीन नाही. इथल्याच ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड’ या डॉ. अशोक दयालचंदांच्या संस्थेनं नव्वदीच्या शेवटी खेड्यांतल्या लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्ग सुरू केले. वर्षभर, आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी एक तास. लग्न आणि पहिलं बाळंतपण लांबावं हा हेतू. माझ्या मते आईपणाची तयारी तिथून सुरू होते, चौदाव्या-पंधराव्या वर्षी पोटभर जेवण्यापासून. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आलं. एवढ्या वर्षांची तूट तीन महिन्यांच्या कागदानं कशी भरायची?

हे मामंजींना मात्र पटकन उमगलं. त्यांची मोसंबीची बाग आहे. आंबिया बहार धरायचा तर ताण तोडून पाणी द्यायच्या आधी शेणखत कुजून तयार लागतं. फूल दिसल्यावर धावपळ करून फळ टिकत नाही, गळतं. “झाडाचं कळतंय मला, बाईचं कुणी सांगितलंच न्हाई,” म्हणाले. सुश्रुतसंहितेनं गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक मोजलेत, तेही शेतातलेच. तेव्हापासून जेवल्यावर मामंजी मोसंबी सोलून माझ्यापुढे ठेवतात. आंबट फळानं भाजीतलं लोह अंगी लागतं, हे मी सांगितलं होतं. चहा तासभर पुढे गेलाय. सोमवारचा उपास मी सोडला नाही, कारण त्यावरून आत्याबाईंचं मन मोडायचं नव्हतं. पण आता उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि दाण्याची आमटी असते. पहिल्या सोमवारी त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि मग स्वतःलाही तेच वाढून घेतलं.

राहिले आमचे हे. पुरुषबीज तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे त्यांचंही आधीचं खाणंपिणं मोजलं जातं. माझा कागद दोन पानी. त्यांच्यासाठी खाली एकच ओळ होती, तंबाखू बंद. घरात चर्चा होते ती माझ्या दोन पानांची. पुडी शर्टाच्या खिशातून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये गेलीय, एवढं मला ठाऊक आहे. पुढच्या तपासणीला दोघांना बोलावलंय. तिथे त्या एका ओळीचं मी विचारणार आहे.