घरांत घडणारें जेट विमान

उरणच्या आकाशांत विमानांचा आवाज आतां नवा राहिलेला नाहीं. ता. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्यानजीकच्या नवी मुंबई विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. विमान पाहून मान वर करणारें मूल लवकरच लाकूड, गोंद व पैसे मागूं लागतें, आणि "खेळ पुरे, अभ्यासास बस," हें वडीलधाऱ्यांचें उत्तर ठरलेलें असतें. रेडिओनें चालणारें मोठें नमुन्याचें जेट विमान बांधणें हा खेळ कीं अभ्यास, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हीं विमानें दोन-तीन मीटर लांब असूं शकतात. सांगाडा प्लायवुड व बाल्सा या हलक्या लाकडाचा, कवच कांचतंतूंच्या कापडाचें, आणि पोटांत लहानसें टर्बाइन. त्याचें पुढचें चक्र हवा ओढून दाबतें, दाबलेल्या हवेंत घासलेट जळतें, व तापलेला वायु मागचें चक्र फिरवून वेगानें बाहेर पडतो. मागचें चक्र त्याच दांड्यावरील पुढच्या चक्रास फिरवितें. हे फेरे मिनिटास लाखावर जातात. म्हणून घासलेटांत थोडें तेल मिसळून बेअरिंगांस वंगण पुरवितात. चालकानें वेगाची आज्ञा दिली तरी चक्रांस ती मानावयास कांहीं क्षण लागतात. उतरतांना ज्यानें हे क्षण आधींच हिशेबांत धरले नाहींत, त्याचें कित्येक महिन्यांचें काम निमिषांत मातीस मिळतें.

असलें यंत्र कारखान्यांतच होतें, ही समजूत कुर्ट श्रेकलिंग या जर्मन गृहस्थानें १९९० च्या सुमारास खोटी ठरविली. त्यानें घरीं केलेल्या टर्बाइनाचें हवा दाबणारें चक्र प्लायवुडचें असून त्यास कार्बनतंतूंचे वेढे होते.

आपल्याकडील उदाहरण तर माणसें नेणाऱ्या विमानाचें आहे. वैमानिक अमोल यादव यांनीं कांदिवलींत चारकोप येथें राहत्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचें पंख्याचें विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें, व नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याची सरकारी नोंदणी झाली. त्यांचें कुटुंब एकत्र आहे. अशा कामास जागा देण्यांत घरच्यांचा वांटा केवढा, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

याच्या उलट प्रकारही आपल्या घरांत आहे. "विमानविद्या आपल्या पूर्वजांस अवगत होती," असें सांगणारे गृहस्थच मुलाच्या हातांतील करवत काढून घेतात! भरद्वाजांच्या नांवावर असलेलें 'वैमानिक शास्त्र' बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ मध्यें तपासलें. तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा नव्हे व त्यांतील विमानें उडणारीं नव्हत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संस्कृतावर प्रेम करणाऱ्यांस यांत खेद वाटण्याचें कारण नाहीं. नैयायिकांनीं शब्द प्रमाण मानिला तो आप्ताचा, आणि त्याआधीं प्रत्यक्षाचें नांव घेतलें. गुरुत्वमध्य बोटभर मागें सरकला कीं विमान आवरत नाहीं. तेथें कोणाच्याही कुळाची थोरवी उपयोगी पडत नाहीं. मुलास हें हातानें कळणें हाच अभ्यास होय.

मात्र उरणांत बांधलेलें विमान उरणांत उडवावें असें नाहीं. येथें बंदर आहे, आरमाराचें ठाणें आहे, वायुप्रकल्प आहे व विमानतळ जवळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें अशा नमुन्याचें वजन २५ किलोंपेक्षां अधिक नसावें व तें नजरेच्या टप्प्यांतच उडवावें. आकाशाचे तांबडा, पिवळा व हिरवा असे विभाग केलेले आहेत. तांबड्यांत केंद्र सरकारची व पिवळ्यांत विमानवाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. 'डिजिटल स्काय'वरील नकाशा पाहूनच मैदान निवडावें.

टर्बाइनाची किंमत लाखांच्या घरांत जाते. म्हणून आरंभ साध्या तरंगत्या विमानानें करावा, मग विजेच्या पंख्याचें करावें, व हात बसल्यावरच घासलेटाकडे वळावें. तें पेटवितांना वडील माणूस व आग विझविण्याचें साधन जवळ असावें. तूर्त माळ्यावरचा एक कोपरा व एक बिनचूक तराजू मुलास दिला तरी पुष्कळ झालें.