घरचा चहा घरीच मिसळावा : आमचा एक अनुभव



गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या ऊस विकास खात्याच्या माणसाने दिवसात किती चहा घेतले याची मोजदाद राहत नाही. नोंदीला गेलो की चहा, तोडीचा प्रोग्रॅम सांगायला गेलो की चहा, आणि तोड लांबली म्हणून बोलणी खाताना सुद्धा चहा (त्यात साखर जरा कमी असते!). इतक्या घरांचा चहा पिऊनही चहातले आम्हाला काही कळत नव्हते, हे आमच्या आईने दाखवून दिले.

२०२४ च्या उन्हाळ्यात नदीचे पाणी कमी पडले आणि आमच्या राहत्या घरी बोअरचे पाणी सुरू झाले. त्याच सुमारास आई गावाकडून आमच्याकडे कायमची राहावयास आली. पहिल्याच सकाळी तिने कप बाजूला सारला. "रंग हाय गं, पर चव न्हाई," एवढेच म्हणाली. मग रोज तेच. सौभाग्यवतींनी पुडा बदलला, दूध बदलले, पावडर दीडपट टाकून पाहिली. शेवटी आईने चहाच सोडला आणि सासू-सुनेचे बोलणे कामापुरते उरले. दुसऱ्यांना माती-पाणी परीक्षणाचे अहवाल वाचून दाखवणारे आम्ही, पण महिनाभर आम्हाला पाण्याची शंका आली नाही!

आईच्या बोलण्यातच निदान होते. पाण्यात चुना व क्षार जास्त असले की चहा काळपट होतो, पण त्याची तरतरी मरते आणि वर पातळ तवंग धरतो. आम्ही शेजारच्या गावाहून गोड्या पाण्याची कळशी आणली. दोन पातेल्यांत सारखीच पावडर टाकून बिनदुधाचा चहा केला आणि दोन काचेच्या ग्लासांत ओतला. बोअरच्या पाण्याचा चहा गढूळ दिसत होता, गोड्या पाण्याचा लालसर आणि स्वच्छ. आईने दोन्ही ग्लास पाहिले. सुनेकडे बघून काही बोलली नाही, पण त्या दिवशी भाजी निवडायला तिच्याजवळ बसली.

रोज कळशी आणणे काही जमणारे नव्हते. तेव्हा पाण्याला साजेसा चहा तरी करावा, म्हणून आम्ही तालुक्याच्या चहा डेपोत जाऊन सुट्या चहाच्या वेगवेगळ्या पुड्या आणल्या.

आपण रोज पितो तो दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली. सुकवलेले पान उलटसुलट फिरणाऱ्या दातेरी रोलरमधून काढतात. आपल्या मिलचे रोलर डोळ्यापुढे आणा. फरक इतकाच की तिथे रस काढून घ्यायचा नसतो, तो पानालाच चिकटून हवेने लाल व्हायला हवा असतो. तोडलेले पान उसासारखेच, फार थांबलेले चालत नाही. साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. आमच्या मनात लगेच उताऱ्याचे गणित सुरू झाले, ही खात्याची खोड.

आसामचा सीटीसी म्हणजे रंग आणि कडकपणा. दुधाला तो पुरून उरतो. निलगिरीचा चहा त्यापेक्षा हलका, पण वासाला चांगला. निलगिरीत लहान बागाईतदारांचे सहकारी चहा कारखाने आहेत आणि १९६५ साली स्थापन झालेली इंडकोसर्व्ह ही त्यांची शिखर संस्था. म्हणजे तिकडेही सभासद पान घालतो आणि दराकडे डोळे लावून बसतो. दार्जिलिंगची पत्ती मात्र उकळून दूध घालायच्या कामाची नव्हे, उगाच पैसे घालवू नयेत.

नवीन माणसाने दोनच प्रकार घ्यावेत, एक मुख्य आणि एक जोडीचा. आधी दोन्ही वेगवेगळे करून प्यावेत, मगच मिसळावेत. चव पाहण्याच्या प्रमाणित पद्धतीत १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा घेऊन त्यावर उकळते पाणी ओततात व सहा मिनिटे झाकून ठेवतात. घरीही तसेच करावे, आणि पाणी आपल्या रोजच्या वापरातलेच घ्यावे. डेपोवाल्याच्या पाण्यावर चव पाहून आलात तर घरी फसगत ठरलेली. माप वजनाने धरावे, चमच्याने नव्हे. मोठी पत्ती चमचाभर हलकी भरते, बारीक दाणा जड भरतो.

आमची पहिली खेप बिघडली ती इथेच. कडकपणा यावा म्हणून आम्ही मोठ्या पत्तीत डस्ट मिसळली आणि अर्धा किलोचा डबा भरून मोकळे झालो. पंधरा दिवस चहा फिकट, आणि पुढचे पंधरा दिवस काढ्यासारखा. बारीक भुकटी सगळी तळाशी जाऊन बसली होती. एम आणि एस साखर एका पोत्यात भरून हलवावी तसला प्रकार! तेव्हा दोन्ही चहांचा दाणा शक्यतो सारखाच घ्यावा आणि एका वेळी पाव किलोच मिसळावा.

तीन भाग आसाम व एक भाग निलगिरी, दोन्ही मध्यम दाण्याचे, हे प्रमाण आमच्या पाण्याला बरे पडले. निम्मे-निम्मे केले तेव्हा वास छान आला, पण दूध घालताच चहा मेला. मिश्रणात सुंठ, वेलदोडा किंवा सावलीत वाळवलेला गवती चहा चालतो. ओले आले डब्यात कधीही घालू नये, बुरशी धरते. ते आयत्या वेळी ठेचून टाकावे. चहा कोणताही वास चटकन ओढतो, म्हणून डबा घट्ट झाकणाचा असावा. तो मसाल्यांजवळ ठेवू नये, आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीत तर मुळीच नको.

सुटा चहा घेताना भेसळीची खात्री करावी. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर चहा पसरून थोडे पाणी शिंपडावे, चहा काढून कागद नळाखाली धरावा. रंग लावलेला असेल तर डाग लगेच उठून दिसतो. लोहचुंबक फिरवला की लोखंडाचा कीस असल्यास चिकटतो.

आई आता दोन वेळ चहा घेते. दुपारचा ती स्वतः टाकते आणि तिनास एक हे प्रमाण तिला पटत नाही, ती निलगिरी जरा जास्त मागते. गोडे पाणी आले की कदाचित तिचेच बरोबर ठरेल.

ज्या सभासदांच्या घरी बोअरचे पाणी आहे त्यांनी ही दोन ग्लासांची परीक्षा जरूर करावी, आणि जमलेले प्रमाण आपल्या गट ऑफिसात कळवावे. गावाच्या नावासह ते पुढील अंकात छापू.