चार वर्षांच्या मुलाला विचार बदलता येतो का?

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं होतं, "सर, विचार बदलला की भावना बदलते, हे मोठ्यांचं झालं. चार वर्षांच्या मुलाचं काय?"

प्रश्न रास्त आहे. स्वतःच्या विचारांकडे बघणं त्या वयात अवघडच. पण अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्समध्ये, मायकेल शिरिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते ६ वर्षांच्या आघातग्रस्त मुलांसाठी १२ सत्रांची उपचारपद्धती तपासली. त्यांत २००५च्या कतरिना चक्रीवादळातून वाचलेली मुलंही होती. २०११ साली निष्कर्ष आले: बहुतेक तंत्रं मुलांना जमली, आणि उपचारांच्या प्रतीक्षेत असलेल्या मुलांपेक्षा त्यांची लक्षणं जास्त कमी झाली.

तिथे मुलाशी वाद घालत नाहीत. मूल चित्र काढतं, घडलेलं थोडं थोडं आठवतं, किती भीती वाटली ते सांगतं, अंग सैल सोडायला शिकतं. आईही या उपचारात सामील असते.

आपण मात्र म्हणतो, "विषयच काढू नका, विसरेल तो." हेतू चांगला असतो हो, पण मूल त्या आठवणीपाशी एकटंच राहतं. म्हणून काय घरी खोदून खोदून विचारायचं? नाही. ते काम प्रशिक्षित तज्ज्ञाचं. आपण एवढंच करावं: मूल आपणहून बोलायला लागलं, तर त्याला गप्प करू नये.