खंडेनवमीच्या सरावातील एक प्रश्न

आश्विन शुद्ध नवमीस आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. ज्या घरी पूर्वजांची तलवार वा भाला उरला आहे तेथे तो पुसून पाटावर मांडला जातो. जेथे तो नाही तेथे कोयता, विळी, हातोडी, शिवणयंत्र, असे ज्याच्या हाती जे साधन आहे त्यास हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळते. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन आणि शमीपूजन. अज्ञातवासास निघालेल्या पांडवांनी विराटनगरीबाहेरच्या स्मशानाजवळील शमीवर शस्त्रे ठेवली आणि वर्ष सरल्यावर बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने विराटपुत्र उत्तराला त्या झाडावर चढवून गांडीव खाली उतरविले, ही कथा घरातील लहान मुलांनाही पाठ असते. दसरा हा खऱ्या अर्थाने धनुष्याचा सण आहे. मात्र या सणात एका धनुर्धराची आठवण सहसा निघत नाही. एका खंडेनवमीला ती आमच्यासमोर अवचित निघाली.

आमच्या गावात हौशी धनुर्धरांचा एक लहानसा मेळा सकाळच्या वेळी मैदानावर सराव करतो. त्यांत बँकेतले कारकून आहेत, एक दंतवैद्य आहेत, दोघी-तिघी गृहिणी आहेत आणि शाळकरी मुले तर पुष्कळच. पदकांची आकांक्षा फारशी कोणास नाही. अठरा मीटरवर रंगीत वर्तुळांचे लक्ष्य लावावयाचे, मधल्या पिवळ्या वर्तुळात एखादा बाण लागला तर दिवसभर आनंदात राहावयाचे, एवढीच हौस. त्या दिवशी धनुष्ये ओळीने उभी करून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दहा-अकरा वर्षांच्या एका नव्या मुलाला शिक्षक पहिला धडा देत होते : तर्जनी बाणाच्या वर, मधले बोट आणि अनामिका बाणाच्या खाली, अंगठा दुमडून तळहातात. मुलाची आजी पूजेचे तबक घेऊन बाकावर बसली होती. तिने विचारले, "अहो सर, अंगठा लागतच नाही?"

"नाही आजी. मध्ये आला तर नेम बिघडतो."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग त्या एकलव्याकडून काय नेलं म्हणायचं?"

बाजूच्या एका गृहस्थांनी लगबगीने उत्तर दिले, "गुरुभक्ती होती ती, आजी!"

"भक्ती त्याची. मी गुरूंचं विचारतेय."

यावर कोणी काही बोलले नाही. आजीने उठून धनुष्यांना हळदकुंकू लावले. मग नातवाचा उजवा हात हाती घेऊन त्याच्या अंगठ्यालाही कुंकवाचे बोट टेकविले आणि ती पुन्हा बाकावर जाऊन बसली.

आजीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात आहे. आज क्रीडास्पर्धांत रूढ असलेली तीन बोटांची पकड हीच काही जगातील एकमेव पकड नव्हे. मोंगल, तुर्क आदी अश्वारूढ योद्धे प्रत्यंचा अंगठ्याने ओढीत आणि त्याच्या रक्षणासाठी दगडाचे वा हाडाचे जाड वळे अंगठ्यात घालीत. आपल्या धनुर्वेदग्रंथांतही प्रत्यंचा धरण्याच्या पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण आदी मुठी सांगितल्या असून त्यांत अंगठ्याला मोठे काम आहे. या पकडीत बाण लावणे आणि सोडणे फार चपळाईने होते, असे जाणकार मानतात.

आता आदिपर्व उघडून पाहावे. पांडवांचा कुत्रा भुंकू लागला तेव्हा एकलव्याने जणू एकाच वेळी सात बाण त्याच्या तोंडात भरले. पांडवांना विस्मय वाटला तो या हस्तलाघवाचा. पुढे अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, परंतु पूर्वीची शीघ्रता त्याच्यापाशी राहिली नाही, असे व्यास सांगतात. धनुष्य हातातून सुटले असे ते म्हणत नाहीत. ज्या एका गुणाने तो अर्जुनाच्या पुढे गेला होता, नेमका तोच गुण द्रोणाचार्यांनी मागून घेतला. मागणारा स्वतः धनुर्विद्येचा आचार्य होता. काय मागावे हे त्याला अचूक ठाऊक होते.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि आमच्या मते कीर्तन-प्रवचनांतून तो फार वेळा ओलांडला जातो. मातीची मूर्ती, अखंड साधना, हसतमुखाने दिलेली दक्षिणा, येथवर आख्यान रंगते आणि टाळ्यांच्या गजरात पुढच्या कथेकडे वळते. व्यास मात्र पुढची नोंद करतात. त्या दानानंतर अर्जुनाच्या मनाचा ताप उतरला, हे ते लपवीत नाहीत. निषादराज हिरण्यधनूच्या या पुत्राला द्रोणांनी शिष्य म्हणून आधीच नाकारले होते, तो निषाद आहे म्हणून आणि इतर शिष्यांचा विचार करून, हेही ते स्पष्ट लिहितात. तुझ्याहून वरचढ शिष्य मला होणार नाही, हे आचार्यांनी अर्जुनाला दिलेले वचनच त्यांना त्या अरण्यात घेऊन गेले.

याच द्रोणांना पूर्वी द्रुपदाने बरोबरीचा मित्र मानण्याचे नाकारले होते. दारिद्र्यामुळे राजसभेतून अपमानित होऊन परतलेल्या या ब्राह्मणाची, आणि पिठाचे पाणी दूध समजून पिणाऱ्या बालक अश्वत्थाम्याची कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. दारातून परत पाठविले जाणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यानेच दुसऱ्या एकास दारातून परत पाठविले. आचार्यांना दूषण देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. हस्तिनापूरच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसाचे हात किती बांधलेले असतात, हे भीष्मांच्या चरित्रातही दिसते. परंतु ग्रंथाने जे उघडे ठेवले ते आपण झाकण्याचे कारण नाही.

द्रोणपर्वात तर साक्षात श्रीकृष्णच हा विषय काढतात. घटोत्कचाच्या मृत्यूनंतर ते अर्जुनाला सांगतात की, तुझ्या हितासाठीच द्रोणांनी आचार्यपणाचा आव आणून, कपटाने, त्या सत्यपराक्रमी निषादाचा अंगठा घेतला. तो अंगठा असता तर देवदानवांनाही एकलव्य अजिंक्य होता. कपट हा शब्द कोणा टीकाकाराचा नव्हे, तो भगवंतांच्या तोंडचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून १९६६ साली पूर्णत्वास नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वातील ही कथा कायम आहे आणि श्रीकृष्णांचे हे वचनही कायम आहे.

सातपुड्याच्या आणि मध्य प्रदेशातील अलिराजपूरच्या बाजूचे भिल्ल आजही अंगठा न लावता बाण सोडतात आणि त्यामागे एकलव्याची आठवण सांगतात. त्यांचे धनुष्य बांबूचे आणि प्रत्यंचाही बांबूच्याच चिवट कामटीची. राजस्थानातील अशाच आदिवासी समाजातून आलेले लिंबाराम १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत भारतातर्फे धनुष्य घेऊन उभे राहिले. त्यांना १९९१ साली शासनाने गौरविले तो पुरस्कार होता अर्जुनाच्या नावाचा. प्रशिक्षकांसाठीचा पुरस्कार १९८५ पासून द्रोणाचार्यांच्या नावे दिला जातो.

काश्मीरकडील किश्तवाडच्या डोंगरातील शीतल देवी जन्मतःच दोन्ही हातांविना आहे. खुर्चीत बसून ती उजव्या पायाने धनुष्य पेलते, प्रत्यंचा खांद्याने ताणते आणि जबड्याच्या हालचालीने बाण सोडते. २०२३ च्या हांगझाऊ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके मिळविली आणि २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमार यांच्या जोडीने कांस्यपदक जिंकले. त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रपती भवनात तिला अर्जुन पुरस्कार प्रदान झाला, तेव्हा ती सतरा वर्षांचीदेखील नव्हती.