रावणाच्या मिशा
आम्हां कुरुंदवाडकरांस ठाऊक असलेली वाळू कृष्णा-पंचगंगेच्या कांठची. ती पुरानें हलते. कोंकणच्या किनाऱ्यावरील वाळू मात्र वाऱ्यानें चालते व मागील माडांच्या बागांवर चढूं पाहते. तिला अडविणाऱ्या कांटेरी गवतास 'रावणाच्या मिशा' म्हणतात. नांव ऐकून आम्हांस प्रथम हसूंच आलें! यांत नर व मादी झाडें निराळीं. मादीचें पिकलेलें कणीस म्हणजे लांब कांट्यांचा हलका चेंडू. बीं प्रत्येक कांट्याच्या बुडाशीं. देठापासून सुटतांच वारा त्यास वाळूवरून पळवीत नेतो. एखाद्या खळग्यांत कांटे रुतले कीं तो थांबतो, उडती वाळू त्याच्याभोंवतीं सांचून तो पुरला जातो, आणि पावसाची ओल मिळतांच बीं रुजतें. पुढें सरपटणाऱ्या दांड्यांस पेऱ्यापेऱ्याशीं मुळें फुटतात. वाळू जसजशी अंगावर चढते, तसतसें गवतहि वर येतें. पायांस बोंचतें म्हणून तें उपटलें, तर तीच वाळू पुन्हां बागेकडे चालूं लागते.